टूडी प्लॅटफॉर्म गेम थ्रीडीत नेताना: आधी उडी, मग बाकी सगळं

तुमच्याकडे बाजूने दिसणारा, डावीकडून उजवीकडे पळणारा छोटा गेम तयार आहे. पात्र पळतं, उडी मारतं, खड्डे ओलांडतं आणि खेळणाऱ्याला मजा येते. आता तोच गेम थ्रीडीत न्यायचाय. बहुतेक जण इथे ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर उघडून पात्राचं मॉडेल करायला बसतात. मॉडेलला घाई नाही. करडे ठोकळे आणि पात्राच्या जागी एक कॅप्सूल (गोळीसारखा साधा आकार) एवढ्यावर गेम खेळण्यासारखा झाला पाहिजे. तो तसा झाला नाही, तर मॉडेल कितीही देखणं असलं तरी उपयोग नाही.

थ्रीडीत जाताना नेमकं काय हरवतं, ते आधी समजून घेऊ. बाजूच्या दृश्यात खड्ड्याच्या दोन्ही कडा पडद्यावर सपाट दिसतात. जमीन सोडण्याआधीच खेळाडूला कळतं की पलीकडे पोचू की नाही. थ्रीडीत एक दिशा पडद्याच्या आत जाते आणि त्या दिशेतलं अंतर डोळ्याला नीट मोजता येत नाही. समोरचा ठोकळा लहान आणि जवळचा आहे की मोठा आणि लांबचा, हे पडद्यावरून पटकन ठरत नाही. मग उडी अंदाजाने मारावी लागते, आणि पडल्यावर चूक आपली वाटत नाही, गेमची वाटते. म्हणून हे सगळं काम एकाच प्रश्नाभोवती करायचं: जमीन सोडताना खेळाडूला आपण कुठे उतरणार हे ठाऊक आहे का? कॅमेरा, सावली, ठोकळ्यांची रुंदी, शत्रू, नाणी या सगळ्यांचे निर्णय या प्रश्नावरून घ्या.

खाली आकडे देताना गोडो इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, धरलंय. ते फुकट आहे आणि एकट्याने काम करणाऱ्याला पुरतं. युनिटी किंवा अनरिअलमध्येही हिशोब हाच राहतो.

मूळ गेम मोजून घ्या

एक वही घ्या आणि टूडी गेममधल्या या गोष्टी ब्लॉकच्या (जग ज्या एकसारख्या चौकोनांनी बांधलंय त्यातल्या एका चौकोनाच्या) हिशोबात लिहा: जागच्या उडीची उंची, धावत मारलेल्या उडीची लांबी, शिखरावर पोचायला लागणारा वेळ, पूर्ण वेग पकडायला लागणारा वेळ आणि उलट दिशेला वळायला लागणारा वेळ. पिक्सेलमधले आकडे नकोत. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये पडद्यावर एका वेळी १६ ब्लॉक रुंदीचं जग दिसतं आणि पहिल्या लेव्हलमधला सर्वांत उंच पाईप चार ब्लॉकचा आहे. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेमवर हा मारिओ खेळलेल्यांना तो पाईप आजही बोटांनी आठवत असेल. हे प्रमाण म्हणजेच गेमची ओळख. थ्रीडीत एक ब्लॉक बरोबर एक मीटर धरा आणि वहीतले आकडे जसेच्या तसे आणा.

एक तांत्रिक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. गोडोच्या टूडीत वाय, म्हणजे उभा अक्ष खाली वाढतो, थ्रीडीत वर वाढतो. जुना कोड उचलून आणला, तर उडीचं आणि गुरुत्वाकर्षणाचं चिन्ह उलटं करावं लागतं. शिवाय थ्रीडीत पुढची दिशा म्हणजे झेड या खोलीच्या अक्षाची उणे बाजू.

१९९६ मधली तीन उत्तरं

हा प्रश्न नवा नाही. १९९६ या एकाच वर्षात त्याची तीन वेगवेगळी उत्तरं बाजारात आली आणि आजही जवळपास प्रत्येक थ्रीडी प्लॅटफॉर्म गेम त्यातल्या कुठल्या ना कुठल्या उत्तराच्या वळणाने जातो.

'सुपर मारिओ ६४'ने मोकळं मैदान दिलं. निन्टेन्डो ६४ च्या कंट्रोलरवर ॲनालॉग स्टिक, म्हणजे सगळीकडे झुकणारी छोटी दांडी होती, त्यामुळे कुठल्याही दिशेला, हळू किंवा जोरात जाता येत होतं. त्याच्या बदल्यात निन्टेन्डोने खड्ड्यांची सलग मालिका सोडून दिली. डावीकडून उजवीकडे पळत झेंड्यापर्यंत जाण्याऐवजी १५ मोठ्या जागांमध्ये तारे शोधायचे, असा गेमचा गाभाच बदलला.

'क्रॅश बँडिकूट'ने बोळ दिला. प्लेस्टेशनच्या तेव्हाच्या कंट्रोलरवर ॲनालॉग स्टिक नव्हती, फक्त दिशांची बटणं होती. म्हणून तो बनवणाऱ्या नॉटी डॉग कंपनीने रस्ता अरुंद ठेवला आणि कॅमेरा ठरावीक रुळावर चालवला. कॅमेरा कुठे असणार हे आधीच ठाऊक असल्याने कुठले बहुभुज (थ्रीडी चित्र ज्या छोट्या सपाट तुकड्यांनी बनतं ते) दिसतील हेही आधी काढून ठेवता आलं, आणि त्या काळाच्या मानाने चित्रं फार श्रीमंत झाली.

'टोम्ब रेडर'ने मोजलेली चौकट दिली. जग चौकोनी ठोकळ्यांवर बांधलेलं आणि नायिका लाराच्या उड्याही त्याच मापात. कडेवर उभं राहून एक उडी मागे घेतली की धावत उडी मारायला लागणारी नेमकी जागा मिळायची. पात्र जागच्या जागी फिरवून मग पुढे चालवायचं, हे कंट्रोल आज अवघडल्यासारखे वाटतात. पण जग मोजलेलं असल्याने ते चालून गेले. त्याच वर्षी आलेल्या 'बब्सी थ्रीडी'नेही फिरवून चालवण्याचीच पद्धत घेतली. तिथे ही मोजणी नव्हती, आणि तो गेम आजही अपयशाचं उदाहरण म्हणून सांगितला जातो.

तुम्ही एकटे किंवा दोघं-तिघं असाल आणि मूळ गेम लेव्हलमागून लेव्हल असा असेल, तर माझा स्पष्ट सल्ला बोळाचा आहे. बोळ म्हणजे भिंतीच हव्यात असं नाही. दोन्ही बाजूंना दरी असलेला सहा-सात मीटर रुंद रस्ताही बोळच. २०११ चा 'सुपर मारिओ थ्रीडी लँड' आणि २०१३ चा 'सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड' हे दोन्ही या अंगाने जातात: ठरावीक कोनाचा कॅमेरा, मर्यादित रस्ता, वेळेचं बंधन आणि शेवटी पुन्हा झेंडा. मैदानाचा गेम सुंदर असतो, पण त्यात भाषांतर कमी आणि नवनिर्मिती जास्त. तो वेगळा प्रकल्प समजा.

उडीचे आकडे

गोडोमध्ये कॅरेक्टरबॉडी-थ्रीडीची (पात्र हलवणाऱ्या घटकाची) तयार स्क्रिप्ट घेतली, तर वेग सेकंदाला ५ मीटर आणि उडीचा वेग ४.५ असतो, गुरुत्वाकर्षण ९.८. हिशोब केला तर उंची जेमतेम १.०३ मीटर भरते आणि पात्र ०.९ सेकंदाहून जास्त हवेत राहतं. बुटकी आणि तरंगती उडी. आकडे खऱ्या जगासारखे आहेत आणि नेमकं म्हणूनच प्लॅटफॉर्म गेमला निरुपयोगी आहेत.

उलट्या बाजूने जा. उंची आणि वेळ तुम्ही ठरवा, गुरुत्वाकर्षण त्यावरून काढा. उंचीची दुप्पट भागिले शिखरापर्यंतच्या वेळेचा वर्ग, हे गुरुत्वाकर्षण. उंचीची दुप्पट भागिले तोच वेळ, हा सुरुवातीचा वेग. समजा उंची ४ मीटर हवी आणि ०.४ सेकंदात शिखर. मग गुरुत्वाकर्षण ८ भागिले ०.१६ म्हणजे ५०, आणि उडीचा वेग २०. पृथ्वीच्या पाचपट गुरुत्वाकर्षण ऐकायला विचित्र वाटतं, खेळताना मात्र पात्र बोटाला चिकटल्यासारखं हलतं.

उतरताना गुरुत्वाकर्षण दीडपट करा, म्हणजे ७५. उतरायला साधारण ०.३३ सेकंद लागतील आणि पूर्ण उडी सुमारे ०.७३ सेकंदांची होईल. धावण्याचा वेग ८ असेल तर सपाटीवर ५.८ मीटर लांबीची उडी मिळते. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा, पुढची सगळी लेव्हल यावर उभी राहणार आहे. बटण लवकर सोडलं तर वर जाण्याचा उरलेला वेग निम्मा करा, म्हणजे छोटी उडीही मिळते.

कडेवरून पाय सुटल्यानंतरही क्षणभर उडी चालू देणं आणि जमिनीला टेकण्याआधी दाबलेलं बटण लक्षात ठेवणं, या दोन सवलती टूडीत ०.१ सेकंदाच्या असतील तर थ्रीडीत ०.१५ करा. थ्रीडीत खेळाडूला स्वतःच्या पायाखालची कड दिसतच नाही, त्यामुळे ही उदारता हक्काची आहे. त्याच कारणाने प्रत्येक ठोकळ्याचा टक्करीचा आकार (पात्र ज्याला खरोखर अडतं तो न दिसणारा आकार) दिसणाऱ्या आकारापेक्षा चारी बाजूंनी दहा सेंटिमीटर मोठा ठेवा. कॅप्सूलचं बूड गोल असल्याने पात्र कडेवरून घसरतं, त्यालाही यातून आधार मिळतो.

दिशेची चूक आणि ठोकळ्याची रुंदी

टूडीत चुकायला एकच जागा असते, अंतराची. थ्रीडीत दिशाही चुकते. पाच मीटरच्या उडीत स्टिक फक्त १० अंश तिरकी गेली, तर पात्र जवळपास ०.९ मीटर बाजूला उतरतं. एक मीटर रुंद ठोकळ्याच्या मध्यापासून कड अर्ध्या मीटरवर असते, म्हणजे उडी चुकलीच. टूडीतला एक ब्लॉकचा ठोकळा थ्रीडीत तीन बाय तीन करायचा नियम मी याच हिशोबाने पाळतो. दीड मीटरची मोकळीक म्हणजे सुमारे १७ अंशांची चूक पोटात घेणारा ठोकळा.

खड्ड्याची लांबीही कमी करावी लागते. टूडीत कमाल उडीच्या ८५-९० टक्के लांब खड्डा शेवटच्या लेव्हलला शोभतो. थ्रीडीत ७० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. आपल्या हिशोबात सुमारे चार मीटर. त्याहून अवघड हवं असेल, तर अंतर न वाढवता वेळेची अडचण घाला: हलणारे, कोसळणारे, फिरणारे ठोकळे.

इनपुटमध्ये दोन चुका हमखास होतात. पुढे आणि बाजूला एकदम दाबल्यावर दोन्ही वेगांची बेरीज होऊन पात्र १.४१ पट वेगाने तिरकं पळतं. दिशा दाखवणाऱ्या व्हेक्टरची (बाणाची) एकूण लांबी एकवर आणा. दुसरी जास्त फसवी आहे. पात्र कॅमेऱ्याच्या दिशेने चालवताना कॅमेऱ्याची पुढची दिशा घेतात, आणि कॅमेरा खाली झुकलेला असल्याने त्या दिशेचा काही भाग जमिनीत शिरतो. मग पुढे जाताना पात्र हळू आणि बाजूला जाताना वेगात, असा प्रकार होतो. त्या दिशेतला उभा भाग शून्य करा आणि लांबी पुन्हा एक करा.

कॅमेरा

गोडोच्या कॅमेऱ्याला दिसणाऱ्या भागाचा कोन मुळात ७५ अंशांचा असतो. बंदुकीच्या गेमला ठीक आहे, पण इथे तो कडेचे ठोकळे ताणतो आणि खोलीचा अंदाज बिघडवतो. ४५ वर आणा आणि कॅमेरा १२ मीटर मागे न्या. तेवढ्या अंतरावर उंचीचा सुमारे १० मीटरचा पट्टा दिसतो, त्यात चार मीटरची उडी निवांत बसते. खाली झुकाव ३० अंशांच्या आसपास ठेवा. १५ वर गेलात तर पुढचे ठोकळे एकमेकांमागे लपतात. ६० वर गेलात तर उंची कळेनाशी होते.

उडीबरोबर कॅमेरा वर-खाली हलू देऊ नका. पात्र नव्या उंचीवर उतरलं की मगच कॅमेऱ्याने सावकाश तिथे यावं. उडीदरम्यान जग स्थिर राहिलं की पात्राची वर-खाली हालचाल त्याच्या पार्श्वभूमीवर मोजता येते. अपवाद फक्त खोल पडण्याचा: पात्र पाय सुटलेल्या उंचीच्या खाली गेलं की लगेच पाठलाग सुरू करा.

वळणावर कॅमेरा फिरतो तेव्हा एक सूक्ष्म गोष्ट घडते. खेळाडूने स्टिक पुढे धरलेली असते आणि कॅमेरा फिरल्यामुळे 'पुढे'चा अर्थच बदलतो. पात्र आपोआप वळतं आणि बरोबर दरीत जातं. उपाय सोपा आहे: पात्र हवेत असेपर्यंत, किंवा स्टिक सोडली वा ठळकपणे वळवली जात नाही तोपर्यंत, जुनीच दिशा धरून ठेवा. आणि उडी लागते अशा ठिकाणी कॅमेऱ्याचं वळण ठेवूच नका. वळणं सपाट, सुरक्षित जागी हवीत.

सावली

एवढ्या सगळ्यात सर्वांत कमी कष्टाचं आणि सर्वांत मोलाचं काम हेच. 'सुपर मारिओ ६४'मध्ये मारिओच्या बरोबर खाली एक गोल काळी सावली असते, सूर्य कुठेही असो. हवेत असताना खेळाडूचे डोळे मारिओपेक्षा त्या सावलीवर जास्त असतात, कारण उतरायची जागा तीच सांगते.

पात्राच्या मध्यापासून सरळ खाली ३० मीटरचा किरण सोडा, तो जिथे लागेल तिथे ०.४ मीटर त्रिज्येची काळपट चकती ठेवा. पृष्ठभागाच्या दोन सेंटिमीटर वर ठेवा, नाहीतर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत झगमगतात. उतारावर चकती उताराप्रमाणे झुकवा. किरणाला काहीच लागलं नाही तर चकती पूर्ण गायब करा: खाली दरी आहे, हे त्या गायब होण्यातूनच कळतं. कडेवर अर्धी चकती हवेत तरंगते, ते टाळायचं असेल तर डेकल (पृष्ठभागावर स्टिकरसारखं उमटणारं चित्र) वापरा, तो कडेशी आपोआप कापला जातो.

सूर्याच्या प्रकाशाची तिरकी सावली मात्र पात्रापुरती बंद करा. दोन सावल्या दिसल्या की खेळाडू चुकीच्या सावलीवर विश्वास ठेवतो. हलत्या ठोकळ्यांना आणि उडत्या शत्रूंनाही अशाच चकत्या द्या.

एक जिना, दोनदा

आता प्रत्यक्ष लेव्हल. 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या पहिल्या लेव्हलचा उत्तरार्ध बघा. चार पायऱ्या चढणारा जिना, मध्ये सपाट जमीन, मग उतरणारा जिना. उडी चुकली तरी काही बिघडत नाही. थोडं पुढे जवळपास तसाच जिना पुन्हा येतो आणि या वेळी मध्ये खड्डा असतो. आधी सराव, मग परीक्षा, एकही शब्द न लिहिता. प्लॅटफॉर्म गेममधली ही मला सर्वांत आवडणारी रचना आहे, आणि थ्रीडीत ती सरळ नेली तर दोन जागी मोडते.

पहिली मोड: मोकळ्या जागेत जिना ठेवला तर खेळाडू त्याला वळसा घालून जातो. टूडीत वळसा शक्यच नव्हता. म्हणून जिना रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा करा आणि खड्डाही या दरीपासून त्या दरीपर्यंत.

दुसरी मोड जास्त गंभीर आहे. टूडीत जिना चढायच्या आधीच पलीकडचा खड्डा दिसतो. मागून बघणाऱ्या कॅमेऱ्यात चार मीटर उंच जिनाच खड्डा झाकून टाकतो. खेळाडू वर चढतो, पुढे पळतो आणि पडतो. परीक्षा होती हे त्याला पडल्यावर कळतं.

तीन उपाय करून बघता येतात. जिन्याची उंची चारवरून दोन मीटरवर आणणं सगळ्यात सोपं, पण मग चढण्याचा डौल जातो. वरच्या पायरीपासून पलीकडच्या पायरीपर्यंत नाण्यांची कमान ठेवणं चांगलं. उडीचा मार्ग हवेत आखलेला दिसतो आणि लहान होत जाणाऱ्या नाण्यांवरून अंतरही कळतं. तिसरा उपाय मला सर्वांत पटतो: जिन्याच्या आधीच्या सपाट भागात कॅमेरा ६०-७० अंशांनी फिरवून जवळजवळ बाजूने आणा. दोन्ही जिने, त्यांच्यामधली जागा आणि पुढचा खड्डा एकाच चौकटीत येतात. मूळ दृश्य क्षणभर परत मिळतं आणि जुन्या खेळाडूला ओळख पटते. रस्ता तिथे तीन मीटर रुंद करा, म्हणजे खोलीच्या दिशेला भटकायला वाव राहत नाही.

तुमच्या लेव्हलमधली प्रत्येक जागा अशीच तपासा: मुळात काय आधी दिसत होतं, आणि आता ते कशामागे गेलं?

शत्रू आणि मारामारी

टूडीत हळू चालणारा शत्रूही अडथळा असतो, कारण तो एकुलत्या एका वाटेवर उभा असतो. थ्रीडीत त्याला वळसा घातला की तो संपला. म्हणून 'सुपर मारिओ ६४'मधला गूम्बा हा साधा चालता शत्रू मारिओ दिसताच त्याच्या अंगावर धावून येतो. तुमच्या शत्रूंनाही असंच काही द्या किंवा त्यांना अरुंद पुलावर उभं करा.

डोक्यावर उडी मारणं अवघड होतं, हा मोठा फरक. 'सोनिक ॲडव्हेंचर'ने १९९८ मध्ये हवेतून शत्रूवर आपोआप झेपावणारा हल्ला आणला, 'सुपर मारिओ गॅलक्सी'ने २००७ मध्ये गिरकी दिली. दोन्हींचा हेतू एकच: दिशेची छोटी चूक गेमने भरून काढावी. तुम्ही निदान शत्रूच्या डोक्याचा टक्करीचा आकार दीडपट करा, आणि उतरताना पात्र त्याच्या जवळ असेल तर किंचित त्याच्याकडे ओढा. पुरेसं सूक्ष्म ठेवलं तर खेळाडूला ते स्वतःचंच कौशल्य वाटतं.

मूळ गेममध्ये हवेत झेप घ्यायची सोय असेल, तर 'सेलेस्ट ६४' जरूर उघडून बघा. 'सेलेस्ट' हा २०१८ चा टूडी गेम, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच मंडळींनी साधारण आठवडाभरात त्याचं हे छोटं थ्रीडी रूप काढलं. फुकट आहे, कोडही खुला आहे. झेप शिल्लक आहे की नाही हे तिथेही मूळ गेमसारखंच केसांच्या रंगावरून कळतं. पडद्याच्या कोपऱ्यात नजर न टाकता मिळणारी अशी खूण थ्रीडीत दुप्पट कामाची, कारण डोळे आधीच सावली आणि पुढच्या कडेत अडकलेले असतात.

तपासणी

करड्या ठोकळ्यांची एक लेव्हल पूर्ण झाली की पुढे बांधू नका, माणसं बोलवा. प्रत्येक उडीच्या आधीच्या क्षणाचं स्थिर चित्र काढा आणि गेम न खेळलेल्या कुणाला तरी दाखवून विचारा: यातला जवळचा ठोकळा कुठला, आणि त्यावर उडी पोचेल का? उत्तर द्यायला तो अडखळला, तर त्या जागेचा कॅमेरा किंवा ठोकळ्याचा रंग बदला. पुढची बाजू आणि वरची बाजू वेगळ्या रंगात, आणि वरच्या पृष्ठभागावर एक मीटरच्या चौकटी, एवढ्यानेही खूप फरक पडतो.

मग खेळू द्या आणि प्रत्येक मरणाची जागा फाइलमध्ये नोंदवा: पाय कुठून सुटला, पडताना पात्र कुठे होतं, कॅमेरा कुठल्या कोनात होता. हे ठिपके लेव्हलवर लाल चकत्यांनी काढा. पलीकडच्या कडेच्या अलीकडे एका ओळीत ठिपके पडले असतील तर अंतर चुकतंय. खड्डा अर्धा मीटर कमी करा किंवा कॅमेरा थोडा वर न्या. ठोकळ्याच्या डावी-उजवीकडे विखुरले असतील तर रुंदी कमी पडतेय. आणि अलीकडच्या कडेलगतच गर्दी असेल तर लोकांनी उडीचं बटण उशिरा दाबलंय. तिथे कडेला ठळक रंगाची पट्टी द्या आणि कडेनंतरची सवलत ०.१५ वरून ०.१८ करून पुन्हा मोजा.